परसातली पाखरे आणि खिशातला कॅमेरा

डोंगरावरच्या गावात राहणाऱ्या माणसाला पाखरे पाहण्यासाठी अभयारण्याची वाट धरावी लागत नाही. महाबळेश्वर, जावळी, भीमाशंकर, आंबोली, सह्याद्रीच्या माथ्यावरची कोणतीही वाडी घ्या. घराचे मागचे दार उघडले की समोर भांडी घासण्याची जागा, तिच्या पाण्यावर पोसलेली केळ, दोन-चार जास्वंदी, एखादा पांगारा किंवा फणस, आणि करवंदीचे कुंपण ओलांडले की रानच सुरू. शहरातला हौशी माणूस गळ्यात दुर्बीण अडकवून, रात्रीची एस.टी. पकडून जे पाहायला येतो, ते तुमच्या मोरीच्या पाण्यात खुशाल अंघोळ करीत असते.

गंमत अशी, की जे रोज दिसते त्याचेच नाव आपल्याला सांगता येत नाही. गुरुजी, वर्गात एकदा विचारून पाहा. शहामृग, पेंग्विन ही नावे मुले धडाधड सांगतील. ती पुस्तकात आहेत ना! पण शाळेच्या कौलावर बसलेले पाखरू दाखवले, तर उत्तर येईल, “ते होय? ते बारकं पाखरू.” घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र नावे ठाऊक असतात, आणि ती गावागणिक बदलतात. एकच भारद्वाज, कोकणात त्याला कुकुडकोंबा म्हणतात, घाटावर कुणी कुंभारकावळा म्हणतो, तर कुणी सोनकावळा. ही नावे लिहून ठेवलेली नसतात. सांगणारा गेला की नावही गेले.

पाखरू ओळखायचे म्हणजे पूर्वी ते हातात यावे लागे, म्हणजे बहुधा मारावे लागे. डॉ. सालिम अली यांची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. त्यांचा जन्म १८९६ सालचा. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्डसाहेब यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. त्या दिवसापासून मुलाला जी गोडी लागली, ती १९८७ साली त्यांचे निधन होईपर्यंत सुटली नाही. आज मात्र तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहायला आता चिमणी पाडण्याची गरज उरलेली नाही.

पण कॅमेरा काढण्याआधी डोळ्याला थोडे वळण लावावे लागते. पहिला प्रश्न रंगाचा नाही, आकाराचा. सालिम अलींनी १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे जे पुस्तक लिहिले, त्यात प्रत्येक पक्ष्याचे माप ओळखीच्या पाखराशी ताडून दिले आहे. चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा. ही रीत मुलांना फार लवकर साधते. कारण फोटोत आकार कळत नाही हो! मोबाइलच्या पडद्यावर शिंजीरही घारीएवढा दिसतो. म्हणून फोटो काढताक्षणी वहीत लिहा: “चिमणीपेक्षा लहान, शेपूट सारखी उडवत होता, जास्वंदीच्या फुलात चोच घालत होता.” एवढ्या तीन गोष्टींत निम्मी ओळख पटलेली असते.

आता दोन बुलबुल घ्या. बुलबुल, बुलबुल म्हणून आपण दोघांनाही एकाच नावाने हाक मारतो. पण शिपाई बुलबुलाच्या डोक्यावर टोकदार, ताठ तुरा असतो, गाल पांढरे आणि डोळ्यामागे लाल कल्ला. लालबुड्याचे डोके काळे, तुरा आखूड व मागे चापलेला, आणि तो उडाला की कमरेवर पांढरा पट्टा चमकतो. घाटमाथ्यावरच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात शिपाई अधिक, पूर्वेकडे उतरत कोरड्या मुलखात गेलात की लालबुड्या अधिक. दोघांच्याही शेपटीखाली लाल असते, म्हणून “लाल बूड दिसले, लालबुड्या लिहिला” असे करून चालणार नाही. आणखी एक मेख आहे. शिपाई बुलबुलाच्या पिलाला तो लाल कल्ला नसतोच, तो मागाहून येतो. मे-जूनमध्ये असे बिनकल्ल्याचे पोर फांदीवर दिसले, तर नवीन जात सापडली म्हणून पेढे वाटू नका.

पावशाचे प्रकरण याहून अवघड. “पेरते व्हा, पेरते व्हा” हा त्याचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, पण पक्षी पाहिलेला माणूस विरळा. तो दिसतो हुबेहूब शिक्र्यासारखा. पाठ राखाडी, पोटावर तांबूस पट्टे, शेपटीवरही आडवे पट्टे. उडतोही तसाच, चार वेळा पंख मारायचे आणि मग तरंगायचे. त्याला पाहून लहान पाखरे कलकलाट करतात, इतकी नक्कल बेमालूम. हा कोकीळकुळातला पक्षी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि बिचारे सातभाई ते पोर वाढवतात. शिक्रा कोंबडीची लहान पिले उचलतो, म्हणून त्याच्यावर गावाचा राग असतो. रागाच्या भरात गलोलीचा खडा पावशाला लागायला वेळ लागत नाही. (शिक्र्यालाही लागू नये. दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.) मग ओळखायचे कसे? चोच आणि पाय पाहा. शिक्र्याची चोच आखूड, आकड्यासारखी वाकलेली. पाय पिवळे, मजबूत, नख्यांचे. पावशाची चोच बारीक, टोकाशी किंचित कललेली, आणि पाय अगदी किरकोळ. फोटोत ही दोन ठिकाणे स्पष्ट आली की वाद मिटला.

फोटो काढणे हे मुख्यतः बसण्याचे काम आहे. पाखराच्या मागे धावणाऱ्याला शेपटाचे फोटो मिळतात. परसात सावलीच्या कडेला मातीचा पसरट परळ ठेवा. त्यात दोन बोटे पाणी, मधे एक दगड. पाणी रोज बदला, नाहीतर डासांची पैदास व्हायची. जवळ काटेरी झुडूप असावे, म्हणजे पाखराला लपायला जागा; पण इतके खेटून नको की मांजराला दबा धरता येईल. मग तुम्ही पडवीत बसा. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चारनंतर, ऊन तुमच्या पाठीकडून येईल असे. उजेड पाखराच्या पाठीमागून आला तर तांबडा, निळा, हिरवा, सगळेच काळे दिसतात. शीळकरी कस्तुराचे असेच होते. पावसाळ्यात ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालणारा हा पक्षी. इंग्रज लोक त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा म्हणत. रंग त्याचा गडद निळा, कपाळावर आणि खांद्यावर चकाकता निळा डाग. पण पावसाळी अंधारात फोटो काढला की येतो निव्वळ काळा पक्षी, आणि बघणारा म्हणतो, “हा तर कोतवाल!” कोतवालाची शेपूट दुभंगलेली असते, हे ध्यानात ठेवले तर फसगत होणार नाही.

मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे केले, की पाखरू जवळ आले असे वाटते. बऱ्याच फोनांत ते जवळ आलेले नसते, चित्राच्या कडा कापलेल्या असतात, एवढेच. त्यापेक्षा साधाच फोटो काढा आणि मागाहून मोठा करून पाहा. शाळेत दुर्बीण असेल तर तिच्या एका डोळ्याला मोबाइलचे भिंग लावून फोटो निघतो. हात स्थिर हवा, दुर्बीण खिडकीच्या चौकटीवर टेकवावी. मोठा कॅमेरा असलेल्यांनी पाखरू नुसते बसलेले असले तरी एका सेकंदाचा पाचशेवा भाग याहून हळू वेग ठेवू नये, कारण पाखराची मान क्षणभरही थांबत नाही. आणि एकच फोटो काढू नका. बाजूने, पाठमोरा, शेपूट उघडलेली, असे आठ-दहा काढा. हललेला फोटो पुसण्याची घाई नको. भिंतीवर लावायला तो निकामी, पण ओळख पटवायला शेपटीचा एक पांढरा काठही पुरतो.

आणि पावसाचे काय? महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा हवेत भिंगाला बुरशी धरते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. चुलीवरच्या माळ्यावर मिरच्या सुकतात म्हणून कॅमेराही तिथेच ठेवाल, तर धुराने भिंगाचे वाटोळे होईल.

ओळख पटवायला आता मोबाइलवर साधने आली आहेत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ हे त्यांपैकी एक. ते फुकट मिळते. आपल्या भागाची माहिती एकदा तालुक्याच्या गावी उतरवून घेतली की रेंज नसलेल्या वाडीतही चालते. फोटो दाखवा किंवा आवाज ऐकवा, ते नाव सुचवते. ‘सुचवते’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. आपल्या रानात हरेवा नावाचा हिरवागार पक्षी आहे. पांगारा फुलला की तो तिथे हजर. तो बुलबुलाची, कोतवालाची, शिंप्याची, दिसेल त्याची नक्कल करतो. भृंगराज तर त्याहून बिलंदर. त्यांच्या आवाजावर यंत्र चार पक्ष्यांची नावे दाखवील, आणि झाडावर असेल एकटा हरेवा! म्हणून मुलांना सवय लावा: नाव कोणते, हे विचारून थांबायचे नाही, कशावरून, हेही विचारायचे. यंत्राचे नाव आणि वहीतले टिपण जुळले तरच पक्के.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगायची आहे. घरट्याचे फोटो काढू नका.

मोह मोठा असतो, कबूल. बुलबुल जास्वंदीत, कधी पडवीतल्या कुंडीतसुद्धा घरटे करतो. हात पोचेल एवढ्या उंचीवर दोन-तीन गुलाबी ठिपक्यांची अंडी दिसतात. फोटोत पाने आड येतात, म्हणून माणूस एक डहाळी बाजूला बांधतो, दुसरी मोडतो. तीच डहाळी घरट्याची भिंत होती आणि तीच छप्पर. दुपारचे ऊन थेट बिनपिसांच्या पिलांवर येते. झाडावरून कावळा पाहतच असतो. टकाचोर आणि आपला तो शुभ समजला जाणारा भारद्वाजही अंडी-पिले खातो. तुम्ही जिथे पुन्हा पुन्हा वाकून पाहता, तिथे काहीतरी आहे, हे त्यांना समजते. लोक म्हणतात, माणसाचा हात लागला की आई पिलांना टाकते. त्यात फारसे तथ्य नाही, वासावरून पोर टाकणारी ही जात नव्हे. नुकसान होते ते पाने हटवण्याने आणि आई-बापांना तासन्‌तास दूर ठेवण्याने. उडायला आलेली पिले तर घाबरून मुदतीआधीच बाहेर उड्या घेतात. बुलबुलाची अंडी उबायला साधारण बारा दिवस, पिले उडायला जवळपास तेवढेच. पंचवीसएक दिवस त्या झुडपापाशी वर्दळ कमी ठेवणे घरच्या माणसांना कठीण नाही. पिलू खाली पडलेले दिसले तर घरात आणून दूध पाजू नका. जवळच्या झुडपात उंचशा फांदीवर ठेवा आणि दूर व्हा, आई येते.

पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणे हे वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरते. तसाच प्रकार ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पाखराला बोलावण्याचा. नराला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा शिरला. तो चारा सोडून, पिले सोडून भांडायला येतो आणि तुम्हाला फोटो मिळतो. पर्यटकांना पाखरे दाखवून चार पैसे मिळवणारी पोरे आता आपल्या गावांतून तयार होत आहेत, हे चांगलेच आहे. पण रोज दहा पाहुण्यांसाठी दहा वेळा आवाज वाजवला, तर एके दिवशी तिथे दाखवायला पाखरू उरणार नाही, आणि रोजगारही.

शाळांसाठी सांगायचे तर एक जाड वही पुरेशी आहे. रकाने असे आखा: तारीख, वेळ, जागा, झाड, पाखरू काय करीत होते, गावातले नाव, पुस्तकातले नाव, फोटोचा क्रमांक. पावशा प्रथम कधी ओरडला, कस्तुराची पहिली शीळ कधी ऐकली, पावसाळा सरता सरता करडा धोबी ओढ्यावर कोणत्या दिवशी परतला, या तारखा दरसाल नोंदवा. दहा-पंधरा वर्षांची अशी वही एखाद्या डोंगरी शाळेत निघाली, तर पक्ष्यांचे अभ्यासक ती पाहायला चालत येतील; कारण शहरात बसून ही माहिती कुणालाच मिळवता येत नाही. ‘गावातले नाव’ हा रकाना मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारून भरावा.

सुरुवात कधी करावी म्हणाल, तर महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो; मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या दोघांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. पुढे फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते. तिच्यात कुणालाही भाग घेता येतो. एका जागी निदान पंधरा मिनिटे थांबायचे, जे दिसेल, ऐकू येईल ते मोजायचे आणि यादी ‘ई-बर्ड’वर पाठवायची. जे ओळखले तेवढेच लिहावे. ओळख पटली नाही त्यापुढे ‘अनोळखी, साळुंकीएवढा’ असे वहीत लिहून फोटोचा क्रमांक टाकावा.