जुन्या वळणाची अक्षरं, नव्या दुकानाची पाटी

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये, एखाद्या सेक्टरच्या बाजारात, एखादं मराठी कुटुंब फराळाचं दुकान काढतंय असं समजा. नाव ठरलं, 'शीतल फराळ'. लोगो 'व्हिंटेज' हवा. संगणकावर हा शब्द टाकला की समोर येतात अमेरिकन सर्कशीच्या पोस्टरवरची नक्षीदार रोमन अक्षरं. त्यांच्या शेजारी देवनागरी नाव बसवलं की ते उसनं वाटतं. म्हणून पहिला प्रश्न हा, की जुनं म्हणजे कुठलं जुनं?

दिल्लीकडे स्वतःचा खजिना आहे. हनीफ कुरेशी या कलावंताने 'हँडपेंटेड टाइप' या उपक्रमातून पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं गोळा केली, त्यांचे डिजिटल फॉन्ट केले आणि फॉन्टना त्या पेंटरांचीच नावं दिली. 'पेंटर कफील' हा त्यांतलाच एक. फ्लेक्सने ज्यांचं काम हिरावलं, त्यांचं नाव अक्षरासोबत टिकवणं ही फार मोलाची गोष्ट. कुरेशी २०२४ मध्ये गेले. लोधी कॉलनीच्या रंगवलेल्या भिंतींमागे असलेल्या 'स्टार्ट इंडिया' संस्थेचे ते सहसंस्थापक होते.

फराळाच्या दुकानाला मात्र मराठी वळण जवळचं. 'यात्रा वन' हा फॉन्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेचा 'मोदक' नावासारखाच गुबगुबीत. जाड-बारीक रेषांचा ठसठशीत फरक हवा असेल तर 'रोझा वन' आहे. तिन्ही मोफत मिळतात आणि त्यांच्या मुक्त परवान्यामुळे व्यापारी लोगोतही वापरता येतात. कुठूनतरी उतरवून घेतलेल्या फॉन्टचा परवाना मात्र आधी वाचावा.

आता 'शीतल'कडे नीट पाहू. या तीन अक्षरी नावात श आणि ल दोन्ही आहेत, आणि मराठी लेखनाची ओळख याच दोन अक्षरांत ठळक दिसते. मराठी श देठाचा, ल पाकळीचा. हिंदी छपाईतल्या ल ला उजवीकडे उभा दंड असतो, मराठीत त्या जागी पाकळी येते. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल हीच रूपं मराठीसाठी धरली आहेत. दिल्लीतल्या डिझायनरच्या संगणकावर भाषा 'हिंदी' असेल तर फॉन्टमध्ये मराठी रूपं असूनही ती उमटत नाहीत. भाषा 'मराठी' करावी लागते. काही फॉन्टमध्ये ती रूपं नसतातच, तिथे अक्षर हाताने काढून घ्यावं. पुण्या-मुंबईहून आलेलं गिऱ्हाईक कदाचित कारण सांगू शकणार नाही, पण पाटी आपली वाटली हे त्याला कळेल.

जुन्या पाटीची दुसरी खूण म्हणजे सावली. चांगला पेंटर अक्षर आणि सावली यांच्यात बारीक मोकळी फट ठेवतो, त्यामुळे अक्षर लाकडातून कापून वर ठेवल्यासारखं उठून दिसतं. देवनागरीत इथे जपावं लागतं. शिरोरेषेची सावली खालच्या पोकळ्यांत उतरते, वेलांटीची सावली शिरोरेषेला भिडते, आणि लहान आकारात सगळा चिखल होतो. बिलाच्या कागदावर, रबरी शिक्क्यावर, पिशवीवरच्या एकरंगी छपाईत ते लगेच उघडं पडतं. म्हणून सावलीचा लोगो पाटीसाठी आणि बिनसावलीचा बाकी सगळ्यासाठी, अशी दोन रूपं पहिल्याच दिवशी करून घ्यावीत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल चित्रात पूर्ण नाव मावत नाही. तिथे एकटा 'शी' पुरतो, आणि तो देठाचा असेल तर शोभतोही.

फॉन्टमध्ये नाव टाइप करून थांबणं हा स्वस्त मार्ग, आणि पुष्कळदा पुरेसाही. पण कमल शेडग्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं आठवून पाहा. तिथे प्रत्येक नाव स्वतंत्र चित्रासारखं रेखाटलेलं असे. दुकानासाठीही हे जमतं. हात चालू असलेला पेंटर शोधावा, नाव कागदावर मोठं रंगवून घ्यावं, स्कॅन करून डिझायनरकडून त्याच्या रेषा साफ करून घ्याव्यात. ब्रशचा किंचित थरथरता काठ तसाच ठेवायला सांगावं; तो गुळगुळीत केला तर पुन्हा फॉन्टच हाती येतो. मेहनताना ठरवताना वापराचे हक्क लेखी घ्यावेत, कारण कायद्यानुसार कॉपीराइटचं हस्तांतरण लेखीच लागतं. आणि पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरला, पूर्वी करत तशी, सही करू द्यावी.