बाईंचे पारणे

आमच्या आजींना घरच काय, नगरची सारी डाळमंडई ‘बाई’ म्हणत असे. गेल्या चातुर्मासात, वयाच्या ९४व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. पहाटे मुखवस्त्रिका बांधून त्या सामायिकास बसत. वाळूची घडी रिती होईपर्यंतची ४८ मिनिटे आजोबाही पेढीचा शब्द काढीत नसत.

१९७२च्या दुष्काळात खेड्यांतील कुळांची उधारी थकली. वसुलीची तयारी झाली असता बाईंनी खतावणी मागविली. अक्षरओळख बेताचीच, पण कोणाच्या घरी किती खाणारी तोंडे, हे मुनीमजींपेक्षा त्यांना अधिक ठाऊक! त्या वर्षी तगादा गेला नाही. पुढे दोन वर्षे पेढी ओढग्रस्तीत चालली, हेही नमूद केले पाहिजे. आजोबांना तो निर्णय कधी पुरता पटला नाही.

संवत्सरीचा उपवास सोडण्यापूर्वी त्या, ज्या घराशी अबोला असेल, त्या घरी प्रथम खमतखामणा करावयास जात. वाटणीवरून दुरावलेल्या धाकट्या दिरांच्या उंबऱ्यावरून त्या ११ वर्षे ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणून परतल्या. बाराव्या वर्षी दार उघडले. “भाभींचे पारणे आज इथेच,” एवढेच ते आत वळून म्हणाले.