स्नेपची निष्ठा कोणाशी?

जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेच्या ‘हॅरी पॉटर’ कादंबरीमालेतील (१९९७–२००७) सेव्हरस स्नेप हा जादूच्या विद्यालयातील शिक्षक. सहाव्या भागात तो मुख्याध्यापक डंबलडोर यांचा वध करतो, आणि वाचक त्यास विश्वासघातकी ठरवून मोकळा होतो. सातव्या भागात उलगडा होतो : शापाने मरणोन्मुख झालेल्या डंबलडोरांनीच त्यास तसे करावयास सांगितले होते!

पूर्वी दुष्ट वोल्डेमॉर्टचा अनुयायी असताना स्नेपने एक भविष्यवाणी चोरून ऐकून धन्यास कळविली. तीमुळे त्याची बालमैत्रीण लिली, म्हणजे हॅरीची आई, संकटात सापडली. तेव्हा तो डंबलडोरांना शरण गेला. लिली वाचली नाही. मात्र पुढे तिच्या मुलाचे त्याने गुप्तपणे रक्षण केले.

मग त्यास थोर म्हणावे काय? त्याची निष्ठा खरी, धैर्यही मोठे. परंतु वर्गात भित्र्या नेव्हिलचा त्याने केलेला छळही तितकाच खरा. आम्ही शिक्षक, म्हणून हे आम्हांस अधिक बोचते. अंतरीचा हेतू मुलांस दिसत नाही. त्यांच्या कानी पडतो तो आमचा शब्द.

विद्यार्थिमित्रहो, एका कृत्यावरून माणूस पारखू नका. आणि एका सद्गुणासाठी त्याचे सारे अपराधही विसरू नका.