तगून राहण्याचे व्हिडिओ गेम : वास्तवता आणि कंटाळा यांचा समतोल

प्रस्तावना :
‘सर्व्हायव्हल’ प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला भूक, तहान, थंडी व थकवा यांच्याशी झुंजत तगून राहायचे असते. असा खेळ वास्तवाच्या जवळ जावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु संकटातील बराचसा काळ पुनरावृत्तीत आणि प्रतीक्षेत जातो. तो जसाच्या तसा पडद्यावर आणल्यास खेळ कंटाळवाणा होतो. पूर्णपणे वगळल्यास संकट खोटे वाटते. या पेचाचे स्वरूप स्पष्ट करून मुंबईतील २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीच्या संदर्भात तो तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वास्तवतेचे दोन प्रकार :
येथे कृतीची वास्तवता आणि परिणामाची वास्तवता असा भेद करणे उपयुक्त ठरते. पहिल्या प्रकारात प्रत्येक क्रिया प्रत्यक्षाइतकाच वेळ घेते. १९९५ मध्ये तयार झालेल्या, पण त्या वेळी बाजारात न आलेल्या ‘डेझर्ट बस’ने याचे टोक विनोदाने दाखवले. टूसॉन ते लास व्हेगास ही बस सलग आठ तास चालवायची. ती सतत उजवीकडे ओढली जात असल्याने हात सोडता येत नाही आणि प्रवासाअखेर मिळतो केवळ एक गुण.

दुसऱ्या प्रकारात वेळ आक्रसतो, निर्णयाची किंमत मात्र कायम राहते. ‘माइनक्राफ्ट’मधील एक अहोरात्र २० मिनिटांत संपते. ‘द लाँग डार्क’मध्ये झोपेचे तास काही क्षणांत सरतात, पण तेवढी ऊब व शरीरातील शक्ती खर्ची पडतेच. ‘व्हॅलहाइम’ (२०२१) मध्ये उपासमारीने मृत्यू येत नाही. खाल्ल्याने बळ वाढते. त्यामुळे जेवण हे ओझे न राहता पुढील मोहिमेची तयारी बनते.

उपनगरांची कसोटी :
त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस नोंदला गेला. कुलाब्यात सुमारे ७३ मि.मी. लोकल बंद पडल्या आणि असंख्य नोकरदार पायी निघाले. या घटनेवर खेळ रचायचा झाल्यास काय ठेवावे? अंधेरी ते बोरिवली हे रेल्वेमार्गाने सुमारे १२ कि.मी. अंतर पाण्यातून प्रत्यक्ष वेळेत चालायला लावले, तर खेळाडू मध्येच खेळ सोडेल. एका कळीसरशी बोरिवली आली, तर त्या रात्रीचे काहीच उरणार नाही. राखायला हवेत ते निर्णय : जोगेश्वरीला थांबावे की गोरेगावपर्यंत रेटावे? जवळचा बिस्किटांचा पुडा आताच संपवावा काय? दक्षिण मुंबईतून निघालेल्यास डोक्यावरच्या आभाळावरून उपनगरांचा अंदाज येणे कठीण होते. म्हणून पुढील पाण्याची पातळी नकाशावर आधी दाखवू नये. घरचा फोन न लागणे, ही प्रतीक्षा मात्र थोडी तरी जाणवू द्यावी लागेल. ती कापली, तर आपत्तीची साहसकथा होते. ज्यांच्या घरची माणसे परतली नाहीत, त्यांच्यावर तो अन्याय ठरेल.

साराजेव्होच्या वेढ्यावरून प्रेरणा घेतलेल्या ‘दिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) ने असाच मार्ग काढला. त्यात दिवस लवकर संपवता येतो. भूक आणि अपराधभाव टाळता येत नाहीत. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा खेळ शालेय पूरक वाचनसूचीत घेण्याची घोषणा केली, ही बाब अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

समारोप :
जो तपशील पुढील निर्णयावर परिणाम करत नाही, तो आक्रसावा. जो करतो, तो राखावा. प्रतीक्षेला या नियमात अपवाद करावा लागतो. तिच्यात अनिश्चितता वाढत असेल, तर ती कंटाळा ठरत नाही, अनुभवाचा गाभा ठरते.