बीटा कुणी तपासायची, आणि कुठे?

वर्डप्रेसची मोठी आवृत्ती येण्याआधी काही आठवडे तिची बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, येते. जगातल्या दहापैकी चारहून अधिक साइट वर्डप्रेसवर चालतात. शिवाय डिसेंबर २०२०च्या ५.६पासून नव्याने उभ्या केलेल्या साइटवर मोठे अपडेटही आपोआप चढतात. म्हणजे आवृत्ती जाहीर झाली की ती न विचारता तुमच्या दारात येऊ शकते. चूक पकडायची तर त्याआधीच पकडायला हवी, पण नेमक्या याच टप्प्याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: बीटा म्हणजे नवी आवृत्ती सगळ्यांच्या आधी मिळणं.

बीटा चालत्या साइटवर चढवायचीच नसते. ‘बिघडलं तर जुनी टाकू’ हा हिशेब इथे चुकतो. अपडेट होताना डेटाबेसमध्येही बदल होऊ शकतात, आणि जुन्या फायली परत चढवल्या म्हणून ते बदल उलटत नाहीत. फायली आणि डेटाबेस या दोन्हींचा आधीचा बॅकअप असेल तरच खात्रीने मागे येता येतं. म्हणून साइटची वेगळी प्रत करा आणि तिच्यावर ‘वर्डप्रेस बीटा टेस्टर’ हे प्लगइन वापरा. प्रतीवरून जाणारे ईमेल मात्र आधी बंद करा. दुकानाची साइट असेल तर चाचणीच्या ऑर्डरचे निरोप खऱ्या ग्राहकांना जाऊ शकतात. नुसतं चाळून बघायचं असेल तर ‘वर्डप्रेस प्लेग्राउंड’ ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही.

गैरसमज: हे प्रोग्रामरचं काम आहे.

मला सर्वांत जास्त खटकतो तो हा. ऑगस्ट २०२०मध्ये आलेल्या ५.५ने जुन्या जावास्क्रिप्टला सांभाळून घेणारी ‘जेक्वेरी मायग्रेट’ ही जोडफाइल बंद केली. निर्णय विचारपूर्वक होता आणि आधी जाहीरही झाला होता. तरीही जुन्या थीम आणि प्लगइन वापरणाऱ्या अनेक साइटवर मेनू उघडेनात, बटणं चालेनात. शेवटी ती फाइल पुन्हा चालू करणारं मदतीचं प्लगइन द्यावं लागलं. कुणाची कुठली जुनी थीम त्या फाइलवर टेकली आहे, हे मूळ कोड लिहिणाऱ्याला कसं कळणार? ते साइट चालवणाऱ्यालाच दिसतं.

मराठी साइटचं तर आणखी वेगळं. लेखाच्या दुव्यातला शीर्षकाचा भाग वर्डप्रेस दोनशे अक्षरचिन्हांत बसवतं. दुव्यासाठी रूपांतर होताना देवनागरीतल्या एकेका चिन्हाची नऊ चिन्हं होतात, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जातात. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हांनंतर मराठी शीर्षक तुटतं. ही मर्यादा जुनीच आहे. पण अपडेटनंतर जुने दुवे उघडतात का, शोध जोडाक्षरांसकट नीट चालतो का, बटणावरचा मराठी मजकूर कापला जातो का, हे इंग्रजीत काम करणाऱ्याच्या नजरेस पडणार नाही. वर्षानुवर्षं मराठी मजकूर साठलेली साइट चालवणारा माणूस चाचणीसाठी फार मोलाचा आहे.

गैरसमज: बीटा आली की नव्या सोयी मागाव्यात, आणि तारीख ठरली की आवृत्ती येणारच.

पहिल्या बीटानंतर नव्या सोयींचं दार बंद होतं, पुढे फक्त दुरुस्त्या. बीटानंतरच्या आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे जवळपास अंतिम आवृत्ती) टप्प्यावर मूळ मजकूरही गोठवतात, म्हणजे भाषांतरकारांना काम पुरं करता येतं. तारीख मात्र हलू शकते. ब्लॉक एडिटर आणणारी ५.० ही १९ नोव्हेंबर २०१८ला यायची होती, ती ६ डिसेंबरला आली.

गैरसमज: ‘चालत नाही’ एवढं कळवलं की पुरे.

तेवढ्यावर कुणालाही काही करता येत नाही. आधी सगळी प्लगइन बंद करून, डीफॉल्ट थीम लावून बघा. दोष गेला, तर एकेक प्लगइन चालू करत दोषी शोधा आणि त्याच्या निर्मात्याला कळवा. राहिला, तर वर्डप्रेसच्या ‘ट्रॅक’वर नोंद करा: आवृत्ती, पीएचपी आणि ब्राउझर कुठला, कुठल्या क्रमाने काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. ब्लॉक एडिटरचे दोष गिटहबवर नोंदवतात. सुरक्षेतलं भोक सापडलं तर मात्र ते उघड लिहू नका. ते ‘हॅकरवन’वर खासगीत कळवायचं असतं.