सुकाणूवरचा दुसरा हात

संपादकांनी विषय दिला होता फ्रान्समधल्या ‘व्हाँदे ग्लोब’ शर्यतीचा. एकट्याने, कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा. १९८९ साली निघालेल्या पहिल्या शर्यतीत विजेत्या तितुआँ लामाझूला १०९ दिवस लागले होते. २०२५च्या जानेवारीत शार्ली दालँ पासष्ट दिवस पुरे व्हायच्या आत परतला. आकडे दिपवणारेच आहेत. पण वाचताना मला सतत एकच प्रश्न पडत होता: माणूस एकटा आहे, तर तो झोपतो तेव्हा सुकाणू कोण धरतं?

व्हाँदे ग्लोबच्या बोटींवर ते काम विजेवर चालणारा ऑटोपायलट करतो. २०१८ साली नव्याने सुरू झालेल्या ‘गोल्डन ग्लोब’ या तशाच शर्यतीत मात्र ऑटोपायलट चालत नाही आणि जीपीएसही चालत नाही. ३२ ते ३६ फुटांची जुन्या घडणीची बोट, कागदी नकाशे, सेक्स्टंट, आणि बोटीच्या पाठीमागे बसवलेली विंडव्हेन. माझं लक्ष या विंडव्हेनवर खिळलं ते आजतागायत.

मुंबई बंदरात नांगरलेल्या एका प्रवासी नौकेवर मला ती जवळून पाहता आली. वर एक उभं, हलकं, पातळ पातं; खाली पाण्यात सोडलेलं लांब, अरुंद वल्हं; दोहोंमध्ये दांडे आणि दातेरी चाकं. मी पात्याला बोटाने जरा ढकललं. ते कललं, आणि खाली वल्हं आपल्या जागीच किंचित वळलं. नांगरावर असताना एवढंच घडतं. बोट धावू लागली की खरी करामत सुरू होते. तिने मार्ग सोडला की वारा पात्याच्या अंगावर येतो, पातं कलतं, वल्हं वळतं. बोटीखालून जोरात वाहणारं पाणी त्या वळलेल्या वल्ह्याला बाजूला रेटतं, वल्हं झुलतं आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या सुकाणूचा दांडा ओढतात. बोट मार्गावर आली की पातं पुन्हा उभं. वारा फक्त इशारा देतो, कष्ट पाणी उपसतं. म्हणून बोटीचा वेग वाढेल तशी यंत्राची ताकदही वाढते. वीज नाही, इंधन नाही. ब्रिटिश मरीन दलातले निवृत्त अधिकारी ब्लाँडी हॅस्लर यांनी ही झुलत्या वल्ह्याची युक्ती रूढ केली. १९६०च्या पहिल्या एकल अटलांटिक शर्यतीत त्यांची ‘जेस्टर’ अशाच यंत्राच्या भरवशावर धावली.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. विंडव्हेनला उत्तर-दक्षिण कळत नाही, फक्त वारा कळतो. तुम्ही झोपेत असताना वाऱ्याने दिशा बदलली, तर बोटही निमूटपणे वळते. आणि ज्या वल्ह्यावर सगळी भिस्त, तेच दिवसरात्र लाटांचा मार खात असतं.

गोल्डन ग्लोबचा इतिहास मोडलेल्या यंत्रांपासूनच सुरू होतो. १९६८ साली ‘संडे टाइम्स’ने पहिली गोल्डन ग्लोब जाहीर केली. नऊ जण निघाले, पुरी केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने, ३१२ दिवसांत. त्याची ३२ फुटी सागवानी ‘सुहैली’ आपल्या मुंबईत, इथल्या सुतारांच्या हातून घडली होती. १९६४च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. सुरुवातीलाच, केप व्हर्द बेटांच्या दक्षिणेला, ती गळू लागली. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरला, श्वास कोंडून बोटीच्या पोटाशी गेला आणि फळ्यांच्या सांधीत कापूस ठासून वर कॅनव्हासची पट्टी खिळ्यांनी ठोकली. मध्येच शार्क घुटमळू लागला. त्याला गोळी घालून तो पुन्हा कामाला लागला. ऑस्ट्रेलियापर्यंत पोचता पोचता त्याचं स्वयंचलित सुकाणू निकामी झालं. पुढचं निम्मं जग त्याने शिडांचा तोल साधून आणि सुकाणू बांधून पार केलं.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्टने खोट्या जागा कळवल्या आणि अखेर त्याची बोटच तेवढी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपलं पाच हजार पौंडांचं बक्षीस त्याच्या कुटुंबाला दिलं. ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते आणि सांगितली जावीच. पण त्या कापसाच्या बोळ्यांची गोष्टही तितक्याच अगत्याने सांगायला हवी असं मला वाटतं. ही शर्यत वेगाइतकीच, कदाचित जास्तच, दुरुस्तीची आहे.

अभिलाष टॉमी यांची वाटचाल पाहिली की हे मनोमन पटतं. भारतीय नौदलाच्या या अधिकाऱ्याने २०१२-१३ साली ‘म्हादेई’तून मुंबई ते मुंबई अशी विनाथांबा एकल प्रदक्षिणा पुरी केली. असं करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई घडली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत. २०१८च्या शर्यतीसाठी सुहैलीची प्रतिकृती ‘थुरिया’ही त्याच गोदीत तयार झाली. त्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरिया उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मगकिनचीही डोलकाठी गेली होती, तरी तो तात्पुरतं शीड उभारून टॉमींच्या दिशेने निघाला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमींना उचललं. इथे कुठलंही कौशल्य पुरलं नसतं.

चार वर्षांनी, पाठीत टायटॅनियम घेऊन, ते पुन्हा निघाले. या खेपेला संकट विंडव्हेनवर आलं. सुटे भाग संपत गेले, तेव्हा त्यांनी बोटीतल्या शौचालयाचं दार कापून त्याची पाती केली. २३६ दिवसांनी ते दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, तीही वाटेत बोट बुडालेल्या तापिओ लेहतिनेनला वाचवून. सोळांपैकी विनाथांबा पोचले तिघेच. ब्रिटनचा सायमन कर्वेन आघाडीवर असताना त्याची विंडव्हेन मोडली, दुरुस्तीसाठी त्याला चिलीत थांबावं लागलं. शेवटची रेषा त्यानेच सर्वांत आधी ओलांडली, पण एक थांबा घेतल्यामुळे विजेता तो नव्हता.

मला काळजी वाटते ती इथे. सुहैली मुंबईची, म्हादेई-थुरिया गोव्याची. घडवणारे हात या किनाऱ्यावर होते आणि आहेत. पण टॉमींच्या दुसऱ्या शर्यतीतल्या बोटीवर नाव होतं ‘बायनात’ या अमिरातीतल्या प्रायोजक कंपनीचं. २००९-१० मध्ये म्हादेईतून पहिली भारतीय एकल प्रदक्षिणा करणारे दिलीप दोंदे नौदलाचे, २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’तून जग फिरून आलेल्या सहा जणीही नौदलाच्या. नौदलाने हे केलं म्हणून त्याचं ऋण मोठं आहे. पण मालवणची किंवा अलिबागची एखादी मुलगी गणवेश न घालता हे स्वप्न पाहू लागली, तर तिला बोट कोण देणार, आणि त्याआधी मोडलेलं वल्हं दाराच्या फळीतून कोरायला कोण शिकवणार? ते शिकायला करवत, फळी आणि खवळलेला समुद्र यांच्या संगतीत वर्षं घालवावी लागतात. अशी मुलं तयार करायची असतील तर पुढच्या शर्यतीची तारीख जाहीर होण्याची वाट पाहून भागणार नाही.