विश्लेषण : तेव्हा ‘नाही’ म्हटले, ते बरोबर होते का? स्कॉटलंडचे मतदार सार्वमताकडे मागे वळून पाहताना…

‘स्कॉटलंड हा स्वतंत्र देश व्हावा का?’ १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमधील ३६ लाखांहून अधिक मतदारांनी या एका ओळीच्या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर दिले. २० लाख १ हजार ९२६ जण ‘नाही’ म्हणाले, तर १६ लाख १७ हजार ९८९ जण ‘होय’. मतदान झाले ८४.६ टक्के. या घटनेला दशक उलटून गेले, तरी तिथे दोन अनोळखी माणसे राजकारणावर बोलू लागली की ‘तुम्ही २०१४ मध्ये कोणत्या बाजूला होतात?’ हा प्रश्न निघतोच. अनेकांना त्यापुढचा प्रश्न अधिक अवघड वाटतो : आज तीच मतपत्रिका हातात आली, तर तेच उत्तर द्याल का?

‘नाही’ म्हणणाऱ्यांनी नेमका कशाचा विचार केला होता?

सार्वमताचा मार्ग ऑक्टोबर २०१२ मधील एडिंबरा कराराने खुला झाला. ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर अॅलेक्स सॅमंड यांनी त्यावर सह्या केल्या. स्वातंत्र्याच्या बाजूने मांडणी करण्यासाठी सॅमंड सरकारने सुमारे साडेसहाशे पानांची श्वेतपत्रिका काढली. तरीही मतदाराला पडलेले प्रश्न घरगुतीच होते. पगार कोणत्या चलनात मिळणार? निवृत्तिवेतनाचे काय? पौंड वाटून वापरू देणार नाही, असे लंडनने फेब्रुवारी २०१४ मध्येच बजावले होते.

आणखी एक मुद्दा होता, तो पुढे फार महागात पडला. स्वतंत्र झालात तर युरोपीय महासंघाबाहेर फेकले जाल, असे ‘नाही’ गट सांगत होता. युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष जुझे मॅन्युएल बारोसो यांनीही नव्या स्कॉटलंडला सदस्यत्व मिळणे अत्यंत कठीण असल्याचे म्हटले. थोडक्यात, युरोपात राहायचे असेल तर ब्रिटनमध्ये राहा, असा हिशेब अनेकांनी मांडला. त्या दिवशीच्या माहितीवर तो चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही.

हिशेब उलटला कधी?

२३ जून २०१६ रोजी. ब्रेग्झिटच्या सार्वमतात स्कॉटलंडमधील ६२ टक्के मतदारांनी युरोपीय महासंघात राहण्याचा कौल दिला, पण संपूर्ण ब्रिटनचा कौल ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने गेला. युरोपसाठी ‘नाही’ म्हटलेल्यांचा युरोपही गेला. यात सर्वांत विचित्र अवस्था स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या पोलिश, जर्मन, स्पॅनिश रहिवाशांची झाली. २०१४ मध्ये त्यांना मतदानाचा हक्क होता आणि तेव्हा ऐकलेल्या इशाऱ्यांवर विसंबून त्यांच्यातील कुणी ‘नाही’वर फुली मारली असेल, तर २०१६ मध्ये थेट त्यांच्याच भवितव्याचा निर्णय होत असताना त्यांना मतच नव्हते.

मतदारयादीचा हा खेळ भारतीयांनाही लागू होता. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना दोन्ही सार्वमतांत मत देता आले. त्यामुळे ग्लासगोत कायदेशीर वास्तव्य असलेला पुण्याचा विद्यार्थी किंवा एडिंबरात नोकरी करणारा नागपूरचा अभियंता स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर मत नोंदवू शकत होता. लंडनमध्ये स्थायिक झालेला मूळचा स्कॉटिश माणूस मात्र नाही. स्वातंत्र्याचे जाहीर समर्थक असलेले अभिनेते शॉन कॉनरी बहामात राहत असल्याने मतदानाला मुकले.

मग सगळे ‘होय’कडे वळले का?

इथेच सोपा तर्क फसतो. ब्रेग्झिटनंतर काही ‘नाही’वाले ‘होय’कडे आले हे खरे, पण २०१४ मध्ये स्वातंत्र्य मागणारे आणि २०१६ मध्ये युरोपही नको म्हणणारे मतदारही थोडे नव्हते. लंडनपासून सुटून ब्रुसेल्सच्या हाती जायचे असेल तर काय उपयोग, असे म्हणत त्यांच्यातील काही जण ‘नाही’कडे गेले. दोन्ही बाजूंची ये-जा एकमेकींना बरीचशी पुरून उरली आणि एकूण आकडा सुरुवातीला फारसा हललाच नाही. २०२० च्या उत्तरार्धात मात्र जनमत चाचण्यांत ‘होय’ सलग पुढे राहिले. एका चाचणीत तर ते ५८ टक्क्यांवर पोहोचले. नंतर तोल पुन्हा निम्म्याच्या आसपास आला.

पश्चात्ताप एकाच बाजूला असतो, असेही नाही. श्वेतपत्रिकेतील आर्थिक गणित उत्तर समुद्रातील तेलाचा भाव पिंपामागे १०० डॉलरच्या वर राहील, या गृहीतकावर बरेचसे उभे होते. २०१६ च्या जानेवारीत तो ३० डॉलरच्याही खाली गेला. ‘होय’ म्हटलेल्या काहींना त्या हिवाळ्यात आपण वाचलो असेही वाटले असेल. उघडपणे तसे कबूल करणारे कमीच.

मत बदलल्याचे उघड बोलणाऱ्यांत एक नाव लक्षवेधी आहे. मतदानाच्या दोन दिवस आधी ‘डेली रेकॉर्ड’ या दैनिकाने पहिल्या पानावर कॅमेरून, एड मिलिबँड आणि निक क्लेग यांच्या सह्यांचे ‘वचन’ छापले. ‘नाही’ म्हणा, स्कॉटिश संसदेला वाढीव अधिकार देऊ, असा त्याचा आशय होता. ते छापणारे संपादक मरे फूट यांनी २०१८ मध्ये आपण आता स्वातंत्र्याच्या बाजूने असल्याचे जाहीर केले. पुढे ते स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे (एसएनपी) माध्यमप्रमुख आणि नंतर मुख्य कार्यकारी अधिकारीही झाले.

लोकांची आठवण कितपत खरी?

मतदान गुप्त असल्याने कोणी काय मत दिले, याचा पुरावा बहुतेकदा त्या माणसाच्या आठवणीतच असतो. आणि आठवण आजच्या मताकडे झुकते. मत बदललेल्या काहींना आपण पूर्वीपासून याच बाजूचे होतो, असे प्रामाणिकपणे वाटू लागते. मतदानाला न गेलेलेही गेल्याचे सांगतात. चाचणी संस्थांना याचा ताप होतो, कारण नमुना संतुलित करण्यासाठी ‘मागच्या वेळी कोणाला मत दिले’ हा प्रश्न त्या वापरतात. म्हणून काही संस्था मतदानानंतर लगेच विचारलेले उत्तर जपून ठेवतात.

गोव्यात असे काही घडले होते?

प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता, पण साम्य आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्याचा पर्याय सुमारे ३४ हजार मतांनी नाकारला. मुंबईतील गोवेकरांना तेव्हा मत देऊ दिले गेले नाही. गंमत म्हणजे कौल हरलेल्या विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानेच दोन महिन्यांनी झालेली निवडणूक जिंकली आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. स्कॉटलंडमध्येही सार्वमत हरलेल्या एसएनपीने २०१५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या ५९ पैकी ५६ जागा पटकावल्या.

पुन्हा सार्वमत होणार का?

सध्या तरी मार्ग बंद आहे. वेस्टमिन्स्टरच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला सार्वमताचा कायदा करता येणार नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकमताने दिला. २०१४ चे मतदान ही पिढीतून एकदाच येणारी संधी आहे, असे सॅमंड स्वतःच म्हणाले होते आणि लंडन आजही तेच वाक्य पुढे करते. सॅमंड यांचे ऑक्टोबर २०२४ मध्ये निधन झाले. त्याआधी जुलैत झालेल्या निवडणुकीत एसएनपी ४८ जागांवरून ९ वर घसरली होती. पण पक्षाला मत नाकारणाऱ्यांतील अनेक जण चाचणीत विचारले की स्वातंत्र्याला अजूनही ‘होय’ म्हणतात.